मंत्र्यांनी भरसभेत ‘चोर’ म्हटले. दावा कोणावर लावायचा?

प्रश्न : मी सार्वजनिक बांधकाम खात्याची लहान कामे घेणारा ठेकेदार आहे. सात महिन्यांपूर्वी रस्त्याच्या भूमिपूजनाच्या शासकीय कार्यक्रमात एका मंत्र्यांनी माझे नाव घेऊन ‘हा चोर आहे, डांबर खातो’ असे म्हटले. तेच ते पुढे पक्षाच्या मेळाव्यात आणि विधानसभेतही बोलले. शासनालाही प्रतिवादी करता येईल का? न्यायालय त्यांना राजीनामा द्यायला लावेल का?

उत्तर : विधानसभेतील विधान सोडून द्यावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४(२) मुळे सभागृहातील भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही.

मेळाव्यातील विधान हा दाव्याचा कणा ठेवावा. तेथे ते पक्षाचे नेते म्हणून बोलत होते, त्यामुळे शासकीय कर्तव्याची ढाल त्यांना सहजासहजी मिळणार नाही. भूमिपूजनाच्या बाबतीत मात्र त्यांचे वकील दोन हरकती हमखास घेतील : फौजदारी तक्रारीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खालील (सरकारी पदावरील व्यक्तीवर खटल्यासाठी लागणारी) शासनाची पूर्वमंजुरी नाही, आणि दिवाणी दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिलेली नाही. एखाद्याला चोर म्हणणे हे मंत्र्याचे कर्तव्य नव्हे, हा युक्तिवाद मला पटतो. परंतु अशा हरकतींच्या सुनावणीतच बराच काळ निघून जातो, म्हणून नोटीस याच आठवड्यात पाठवावी. दिवाणी दाव्याची मुदत अवघी एक वर्ष आहे, फौजदारी तक्रारीची तीन वर्षे. नोटिशीचा कालावधी मुदतीतून वगळला जातो खरा, पण त्या भरवशावर राहू नये.

शासनाला प्रतिवादी करू नये, असे माझे मत आहे. कौशल किशोर प्रकरणात ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की, मंत्र्याचे विधान राज्यकारभाराशी संबंधित असले तरी सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने ते शासनाच्या माथी मारता येत नाही. न्या. नागरत्ना यांनी शासनाच्या भूमिकेशी जुळणाऱ्या विधानांपुरते वेगळे मत नोंदवले, पण ते अल्पमत आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असते ते विधानसभेला.

राजीनामा ही मागणी बदनामीच्या दाव्यात बसतच नाही. मंत्र्याला ठेवायचे की काढायचे, हा प्रत्यक्षात मुख्यमंत्र्यांचा प्रश्न आहे. पद जाण्याची एकच वाट कायद्याने ठेवली आहे, ती म्हणजे आमदारकीच गमावणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची कमाल शिक्षा दोन वर्षे आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) खाली अपात्रतेसाठी किमान तेवढीच शिक्षा लागते. राहुल गांधी यांची खासदारकी मार्च २०२३ मध्ये अशीच गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर परत मिळाली. यावर आशा बांधू नये.

मंत्र्यांच्या वकिलाची फी कोण भरते, हे मात्र माहितीच्या अधिकाराखाली जरूर विचारावे. अरुण जेटली यांच्या बदनामीच्या दाव्यात तत्कालीन मुख्यमंत्री केजरीवाल यांच्या वकिलाचे बिल दिल्ली सरकारने भरायचे का, यावर २०१७ मध्ये मोठा वाद झाला होता. वैयक्तिक विधानाचा बचाव सरकारी पैशाने होत असेल, तर तो प्रश्न विरोधी आमदारांमार्फत सभागृहात नेता येतो.

आता पुराव्याचे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली चित्रफीत पुरेशी नाही. ज्या फोनवर चित्रीकरण झाले तो जपून ठेवावा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र तयार करून घ्यावे. भाषण प्रत्यक्ष ऐकलेले, आपले नातेवाईक किंवा कामगार नसलेले दोन साक्षीदार शोधावेत. विधान खरे ठरले तर दिवाणी दावा तेथेच संपतो, म्हणून त्या कामांची मोजमाप पुस्तके आणि डांबराचे चाचणी अहवाल आधी काढावेत, आणि त्यांत एखादा प्रतिकूल शेरा असल्यास तो नोटीस जाण्यापूर्वी आपल्या वकिलांना दाखवावा.