डबी घेतली, पण उघडली का?

‘वस्तू काढून घ्यायची नाही, तर वर्ग सांभाळायचा कसा?’ हा प्रश्न शिक्षकांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एका अनुभवातूनच द्यावेसे वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सातवीतला एक मुलगा वर्गात बोलेनासा झाला, म्हणून आई त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली. तासाला तो दप्तरात हात घालून काहीतरी चाळवत असे. बाईंनी ते काढून घेतले, तेव्हा ती त्याच्या वारलेल्या आजोबांची तपकिरीची डबी निघाली. तान्ह्या मुलांना धीर देणाऱ्या लाडक्या वस्तूंविषयीचा ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध मी गेली अनेक वर्षे उराशी बाळगून असल्यामुळे, उत्तर आपल्याला सापडलेच आहे असे मला वाटले आणि पहिल्या तीन भेटी मी आजोबांच्या आठवणींवर घालवल्या. मुलगा शहाण्यासारखा ऐकत राहिला.

चौथ्या भेटीत मी विचारले, ‘‘डबी परत मागायची का आपण बाईंकडे?’’

‘‘दिली त्यांनी. त्याच दिवशी.’’

‘‘मग?’’

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘‘उघडली ना त्यांनी. सगळ्यांसमोर. वास घेतला.’’

आजोबा गेल्यावरही तो वास डबीत उरला होता. बाईंना व्यसनाची शंका आली होती आणि डबी रिकामी निघाल्यावर वर्ग हसला. मुलाला ‘तपकीर’ असे नाव पडले. मी दुःख शोधत होतो आणि समोर अपमान बसला होता. घेणे आणि उघडणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे मला त्या मुलाने शिकवले. आज मी शिक्षकांशी बोलताना सुरुवात तिथूनच करतो, आणि ती योग्य जागा आहे याविषयी मला आता शंका नाही.

बाईंना भेटलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘सर, साठ मुलांच्या वर्गात कुणाकुणाचे मन जपायचे?’’

‘‘डबी न उघडता टेबलावर ठेवली असती, तर जास्त वेळ लागला असता का?’’

त्या थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘कमीच लागला असता.’’

तासात अडथळा आणणारी वस्तू शिक्षकाने जरूर घ्यावी. पण ती कधी परत मिळेल हे त्याच क्षणी सांगावे आणि शक्यतो शाळा सुटताना द्यावी, कारण कपाटात महिनोन्महिने पडलेली वस्तू मुलाच्या लेखी हिसकावलेलीच असते. चाकू, तंबाखू यांसारखे काही असल्याची शंका असेल, तर मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन, दुसऱ्या शिक्षकाच्या उपस्थितीत त्यालाच दप्तर उघडू द्यावे आणि पालकांना कळवावे. मोबाइल घेतला तर तो बंद करून ठेवावा, त्यातले संदेश चाळू नयेत. वर्गात काही हरवले म्हणून सरसकट दप्तरे उपसण्याची पद्धत तर मला मुळीच मान्य नाही. चोर सापडो वा न सापडो, उरलेली सगळी मुले संशयित ठरतात. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १६ मुलांच्या खासगीपणाविषयीच आहे. तरीही शिक्षक मला कायद्याच्या धाकाने बदललेले फारसे दिसलेले नाहीत.

त्या बाईंनी मात्र पुढच्या सोमवारी, मी सुचवलेले नसताना, वर्गासमोर सांगितले, ‘‘मी याची डबी न विचारता उघडली, ते माझे चुकले.’’ त्याच आठवड्यात मुलगा फळ्यावर गणित सोडवायला उठला. ‘तपकीर’ हे नाव पुसले जायला मात्र दिवाळीची सुट्टी यावी लागली.