वाचक विचारतात : पाच मैत्रिणी, तीन दिवस आणि मुंबई

प्रश्न : मी लातूर येथील महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. डिसेंबर महिन्यात आम्ही पाच मैत्रिणी प्रथमच आपल्या आपण मुंबई पाहायला निघालो आहोत. सोमवारी सकाळी रात्रीच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे आणि बुधवारी रात्री परतीची गाडी धरायची, असे ठरले आहे. राहण्याची सोय माझ्या मावशीकडे डोंबिवलीला आहे. पाहण्याच्या ठिकाणांची यादी केली, ती सत्तावीसवर गेली. सोमवारी घारापुरी, मंगळवारी वस्तुसंग्रहालय, खरेदी आणि वांद्रे-जुहूकडचे नटनट्यांचे बंगले, बुधवारी राणीची बाग आणि उरलेले सर्व, असा बेत आहे. आमच्यापैकी एकीच्या घरची परिस्थिती बेताची आहे. ती काही बोलत नाही, परंतु खर्चाचा विषय निघाला की गप्प होते. तिला वाईट न वाटता सर्वांची सहल चांगली व्हावी, यासाठी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तराची सुरुवातही तेथूनच करावी असे वाटते. तुमच्यापैकी जिच्याजवळ सर्वांत कमी पैसे आहेत, तिला झेपेल एवढीच रक्कम प्रत्येकीची वर्गणी म्हणून निघण्यापूर्वी ठरवा, ती एकीकडे जमा करा आणि प्रवास, तिकिटे व जेवण हा सर्व खर्च त्या एकाच पाकिटातून होऊ द्या. आकडा ठरवताना तिला सर्वांसमक्ष विचारू नका. तुम्ही तिच्या जवळच्या असाल तर आधी तिच्याशी एकटीने बोला आणि मग तो आकडा स्वतःचा म्हणून मांडा. खरेदी ज्याची त्याने आपल्या पैशांनी करावी, मात्र खरेदीसाठी अर्धा दिवस राखून ठेवू नये. कारण चौघी दुकानांत शिरल्यावर पाचवीला बाहेर उभे राहावे लागते, आणि तो तासभर तिच्या सहलीतील सर्वांत लांब तास ठरतो. मुंबईचे सुदैव असे की तिच्यातील पाहण्यासारख्या पुष्कळशा गोष्टींना तिकीट नाही. त्यामुळे कमी पैशांत केलेला बेत हा कमी प्रतीचा बेत ठरत नाही.

आता वारांविषयी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. तुमच्या बेतात नेमके तेच दोन वार आलेले आहेत. विद्यार्थिदशेत मी स्वतः एका सोमवारी चार मित्रांना घेऊन गेटवे ऑफ इंडियापर्यंत, म्हणजे घारापुरीच्या बोटी सुटतात तेथपर्यंत, गेलो होतो आणि लेणी बंद असल्याचे तेथे गेल्यावर कळले होते. त्यांपैकी दोघांचे घारापुरी पाहणे त्यानंतर कधी झालेच नाही, याची चुटपुट मला आजही आहे. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि जी ठिकाणे एकमेकांपासून पायी जाता येईल इतकी जवळ आहेत, ती एका दिवसात घ्या. सत्तावीस ठिकाणे पाहायची तर तीन दिवसांतील बहुतेक वेळ गाड्यांत आणि रांगांत जाईल.

सोमवारी स्थानकावर उतरल्यावर सामान तेथील सामानघरात ठेवा (पिशव्यांना कुलूप असल्याखेरीज ते घेत नाहीत, म्हणून लहान कुलपे घरूनच आणा) आणि स्थानकाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन मागे वळून पाहा. बहुतेक प्रवासी घाईने निघून जातात आणि ज्या इमारतीतून आपण बाहेर पडलो ती पाहायची राहून जाते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. २००४ मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, असा त्याचा अर्थ. भिंतींवर कोरलेली पाने, पक्षी आणि प्राणी यांच्या घडणीत मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या जे. जे. मधील, विद्यार्थ्यांचा हात होता. तुमच्याच वयाची ती मुले होती, एवढे लक्षात ठेवून पाहिले तर ते दगड जवळचे वाटतील. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने सरळ चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. येथे छायाचित्र काढून पुढे जाऊ नका, थोडा वेळ थांबा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. लातूरसह मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला. मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार यांचे ते शिल्प तुमच्याही जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि मुंबईला आपण पाहुणे म्हणून आलो आहोत ही भावना तेथे उभे राहिल्यावर पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलकडे वळा. १८३३ मध्ये बांधून झालेल्या टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या तेथे आहेत. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, जेथे दुर्गाबाई भागवतांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे अभ्यास केला. कला शाखेच्या विद्यार्थिनींनी त्या पायऱ्यांवर दहा मिनिटे बसावे, असा माझा आग्रहच समजा. दुपारचे ऊन वस्तुसंग्रहालयात घालवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडे असते आणि ओळखपत्र दाखवल्यास विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते. इमारतीचा घुमट पाहून विजापूरची आठवण झाली तर ती चूक नव्हे, कारण तिचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी तेथील शैलीचा आधार घेतला होता. आत मात्र सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नका. मीरपूरखासच्या स्तूपावरील मातीची शिल्पे आणि लघुचित्रांचे दालन, एवढेच सावकाश पाहा. पाचजणींनी प्रत्येकी एक वस्तू निवडावी आणि बाहेर आल्यावर ती इतरांना सांगावी, म्हणजे ज्यांना संग्रहालयाचा कंटाळा आहे त्यांचेही मन रमेल. सायंकाळी गेटवेकडे जा. हेही विटेट यांचेच काम, १९२४ मध्ये पूर्ण झालेले. ज्या कमानीची योजना पंचम जॉर्ज यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ झाली, तिच्याच खालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण हा देश सोडून गेली. कुलाब्याच्या पदपथावरील दुकाने तेथून जवळच आहेत. खरेदीची हौस त्या तासाभरात भागवून घ्या.

मंगळवार घारापुरीसाठी ठेवा. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुटू लागतात आणि पोहोचायला साधारण तास लागतो. लाइफ जॅकेट घालूनच बसा, नसेल तर मागून घ्या. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि वाटेत माकडे फार, म्हणून खाण्याच्या पिशव्या हातात दिसू देऊ नका. लातूरजवळची खरोसा लेणी तुम्ही पाहिलेली असतील. नसतील तर निघण्यापूर्वी एका रविवारी अवश्य पाहा. तीही साधारण त्याच काळातील, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जातात. तेथील शैव शिल्पे डोळ्यांसमोर असतील तर घारापुरीचे विस्तारलेले रूप अधिक समजेल. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमूर्तीसमोर जाताच गर्दी छायाचित्रे घेऊ लागते. तुम्ही आधी अंधाराला डोळे सरावू द्या, मग डाव्या बाजूचा अर्धनारीश्वर आणि उजव्या बाजूचा गंगाधर पाहा, आणि शेवटी मधल्या तीन मुखांकडे या. डावे मुख उग्र, उजवे कोमल आणि मधले शांत. हा फरक कळायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ मिळावा म्हणूनच मी तुमच्या यादीतील वीस नावे खोडली आहेत.

दुपारी परत आल्यावर टर्मिनसवरून धीमी लोकल घेऊन भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेत जा. तिकीट खिडकी लवकर बंद होते, म्हणून चारच्या आत पोहोचा. बागेलगत १८७२ मधील जुने संग्रहालय आहे, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि त्याच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीमुळे घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हाच. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, आणि पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला येथे उभे केले गेले. सकाळी त्याचे बेट आणि संध्याकाळी तो, असे एकाच दिवशी पाहण्याचा योग मंगळवारी जुळतो.

डोंबिवलीच्या मुक्कामाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. पैशांचा विचार करता मावशींकडे राहणेच योग्य आहे, परंतु सकाळी आठ ते साडेदहा या वेळेत डोंबिवलीहून मुंबईकडे येणाऱ्या जलद गाडीत चढण्याचा प्रयत्न करू नका. रोजच्या प्रवाशांनाही ते कठीण जाते. सकाळी साडेसहा-पावणेसातच्या सुमारास निघा आणि डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडा, म्हणजे बसायला जागा मिळेल. संध्याकाळी भायखळ्याहून गर्दीत शिरण्यापेक्षा तिकीट काढून पुन्हा टर्मिनसला या, तेथे काही खाऊन घ्या आणि तेथून सुटणाऱ्या गाडीत बसा. डब्याकडे नीट पाहून चढा, कारण प्रथम आणि द्वितीय वर्गाचे महिला डबे शेजारीशेजारी असतात आणि नवख्या माणसाला दंड बहुधा त्या चुकीमुळेच होतो. मावशींवर पाचजणींच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचा भार टाकू नका. रात्रीचे एक जेवण त्यांच्याकडे आणि तेही त्यांना आधी वेळ कळवून. त्यांच्यासाठी वर्गणीतूनच काहीतरी घेऊन जा.

बुधवारी सामान पुन्हा सामानघरात ठेवून गिरगावात फिरा. खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. गणपती नसतानाही ती चाळ, तिचे लाकडी सज्जे आणि अंगण बाहेरून पाहण्यासारखे आहे. तेथे लोक राहतात, म्हणून मोठ्याने बोलू नका आणि दारांतून छायाचित्रे घेऊ नका. गिरगावातील मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, मिसळ आणि पियूष बेताच्या पैशांत मिळते. दुपारी गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान असलेले मणिभवन, त्यानंतर मलबार हिलवरील बाणगंगा तलाव. एवढ्या उंच इमारतींच्या मधोमध पायऱ्यांचा जुना तलाव पाहून तुम्हाला आपल्याकडच्या बारवा आठवतील. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा आणि अंधार पडण्यापूर्वी ओव्हल मैदान ओलांडा. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर हे एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीचे दगडी बांधकाम, तर दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या गोलाकार कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती आहेत. या दोन्ही मिळून ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो पाहायला एक रुपयाही लागत नाही.

नटनट्यांचे बंगले मी या बेतातून काढून टाकले आहेत. बंद फाटकासमोर तासभर उभे राहून पदरात फारसे काही पडत नाही, आणि त्या बाजूला जाऊन येण्यातच तुमची एक संपूर्ण संध्याकाळ जाईल. तरीही एखादीची फार इच्छा असेल तर बुधवारची दुपार तिला द्या. मात्र ते पाचजणींनी आधी ठरवावे, रस्त्यात उभे राहून नव्हे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आम्ही मित्र मुंबई पाहायला गेलो असता दादरला एकजण गर्दीमुळे गाडीत चढू शकला नाही. फोनवर त्याला ‘तीन नंबरच्या फलाटावर थांब’ असे सांगितले आणि आम्हीही तेथेच थांबलो, तरी तासभर भेट झाली नाही. पुढे त्याचा फोन बंद पडला. येत्या सुट्टीत धाकटा भाऊ मित्रांबरोबर जाणार आहे. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा मित्र आणि तुम्ही दोघेही बहुधा योग्य जागी उभे होता. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेमार्गांची स्थानके एकमेकांना लागून आहेत आणि पूर्वी दोन्हीकडे फलाटांचे क्रमांक एकपासूनच सुरू होत, म्हणजे तीन नंबरचे फलाट दोन होते. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेल्याने हा घोटाळा आता टळला आहे. तरीही भावाला दोन गोष्टी निघण्यापूर्वीच पाठ करायला सांगा. जो मागे राहिला त्याने आहे त्याच फलाटावर, पुलाच्या जिन्यापाशी उभे राहावे आणि शोधायला हलू नये. जे पुढे गेले त्यांनी पुढील स्थानकावर उतरून परत यावे. चालत्या गाडीतून उडी मारणे किंवा चालती गाडी पकडणे कोणत्याही कारणाने करू नये; पुढची गाडी काही मिनिटांतच येते. आणि सर्वांचे दूरध्वनी क्रमांक, मुक्कामाचा पत्ता व रेल्वे पोलिसांचा १५१२ हा क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येकाने तो खिशात ठेवावा, पाकिटात नव्हे, कारण गर्दीत पहिल्यांदा पाकीटच जाते.