मुलं जास्त असतील तर रविवारी चर्चला वेळेवर कसं पोचायचं? निघेपर्यंत इतकी आरडाओरड होते की नंतर प्रार्थनेला बसायची लाज वाटते.

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन मुलं आहेत, मिस्टर फिरतीवर असतात, आणि चर्चच्या पायरीला पाय लागेपर्यंत प्रत्येक पोराला एकदा तरी रडवून झालेलं असतं. मग प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढं जायची हिंमत होत नाही, असंही लिहिलंय. वेळेवर पोचायचं कसं, ते सांगणं सोपं आहे, खाली सांगते. पण त्या लाजेबद्दल बोलायचं तर मला माझाच एक रविवार सांगावा लागेल. तो मी घराबाहेर फारसा कुणाला सांगितलेला नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात नऊ माणसं. आम्ही दोघं, सासूबाई, आमची पाच मुलं आणि शिकायला आलेली दिरांची मुलगी. त्या वेळी थोरली तेरा वर्षांची होती, जुळे दोघे दहाचे, मधली सात आणि धाकटा साडेतीन. नवरा रेल्वेत, मिरज जंक्शनला. महिन्यातले दोन रविवार तरी त्यांची ड्यूटी असतेच.

मंडळी, म्हणजे ज्या चर्चचे आम्ही सभासद, ती मात्र आमची मिरजेची. नवऱ्याचे आजोबा गावाकडून मिरजेत आले ते मिशन हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय म्हणून. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली ते हॉस्पिटल सुरू केलं आणि त्याच्या आधारानं कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं मिरजेत स्थिरावली. कुणी नर्स, कुणी कंपाउंडर, कुणी तिथल्या स्वयंपाकघरात. सासूबाई तिथंच नर्सिंग शिकल्या, तिथंच त्यांचं लग्न ठरलं. त्यामुळे सांगलीत राहायला आलो तरी मंडळी बदलायचा विचार घरात कुणाच्या मनाला शिवला नाही. वाटेत वानलेसवाडी लागते. तिथं पूर्वी क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं, आणि वाडीला नाव त्याच डॉक्टरांचं आहे. सासूबाई दर रविवारी तिथं आल्या की मुलांना काहीतरी जुनं सांगतात.

आमच्याकडे शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, आठला आणि उपासना साडेनऊला. म्हणजे घर सव्वासातला सुटायला हवं. आठ माणसं एका रिक्षात मावत नाहीत, आणि वडाप, म्हणजे सीटवारी जाणारी मोठी रिक्षा, रविवारी सकाळी भरल्याशिवाय हलत नाही.

तरीही आम्ही वेळेवर असायचो, हे आधी सांगते, कारण सगळं त्यातच आहे. डाव्या बाजूचा तिसरा बाक आमचा. पाच लेकरं आणि पुतणी एका ओळीत, केसांना तेल, कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश. बायका म्हणायच्या, एवढा बारदाना सांभाळून कशी गं वेळेवर येतेस! मला ते फार आवडायचं. पहिलं गीत सुरू झाल्यावर कुणी एकुलत्या मुलाला घेऊन धावत आत आलं की माझी मान आपोआप मागं वळायची. त्या बघण्यात काय असायचं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. नवरा ड्यूटीवर. नळाला पाणी उशिरा आलं. परत आल्यावर जेवण लगेच मिळावं म्हणून मी पहाटेच मटण शिजायला टाकलं होतं, ते काही शिजेना. एका जुळ्याचा पट्टा सापडेना, मधलीच्या फ्रॉकची चेन अडकली. थोरलीला मी सात वाजता सांगितलं, धाकट्याला बूट घाल. तिनं घातले. तो रडायला लागला. "बूट नको, नको बूट," एवढंच. नवे बूट होते, पंधरा दिवसांपूर्वी घेतलेले. मी गॅसपाशी उभी होते, तिथूनच ओरडले, "हट्ट चालणार नाही, सांगून ठेवते!"

सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत पावणेआठ झाले. शब्बाथशाळा तर गेलीच होती. वडापच्या रिक्षात धाकटा थोरलीच्या मांडीवर होता, रडून रडून आवाज बसलेला. वानलेसवाडीच्या आसपास ती म्हणाली, "आई, त्याचा बूट काढून बघू का?" मी म्हणाले, "गप बस. बूट काढलास तर परत घालायला अर्धा तास जाईल." थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मग मी तिला जे बोलले ते इथं लिहित नाही. रिक्षात दुसरी माणसं होती. ती खिडकीकडं तोंड करून बसली. सासूबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदर सावरून समोर बघत राहिल्या.

त्यातच मिशन हॉस्पिटलच्या चौकात उतरल्यावर कळलं की दानाची पाकिटं घरीच राहिली. ती आणायला पुतणीला आणि एका जुळ्याला परत पाठवलं, आणि आम्ही कंपाउंडमध्ये त्यांची वाट बघत थांबलो. सगळे मिळून आत गेलो तेव्हा दुसरं गीत सुरू होतं. तिसरा बाक भरलेला. मंडळीची व्यवस्था बघणाऱ्या पंचांनी हातानं मागं खूण केली. शेवटच्या बाकावर मी त्या मंडळीत पहिल्यांदाच बसले. तिथं कोण बसतं हेही मी कधी पाहिलं नव्हतं. रात्रपाळी करून थेट आलेली एक सिस्टर होती, डोळे चोळत. एक गृहस्थ वडिलांना धरून बसले होते, कारण त्यांना दर थोड्या वेळानं बाहेर न्यावं लागायचं. तान्ह्या बाळाची एक आई होती.

पापांगीकाराची वेळ आली. तुम्हाला माहीतच आहे, विचारानं, शब्दानं, कृतीनं चुकल्याचं सगळी मंडळी मिळून म्हणते. मला ते तोंडपाठ आहे. माझे ओठ हलत होते आणि डोळे जुळ्यांवर होते, चुळबुळ करतायत का म्हणून. तेवढ्यात बाजूला थोरली खाली वाकली. मला वाटलं गुडघ्यावर बसली. तिनं हळूच धाकट्याच्या बुटाची लेस सोडली, बूट काढला आणि तळहातावर उलटा केला.

चिंचोका पडला. फोडलेला, अर्धा. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी पोरांना पट खेळायला फोडून दिले होते, त्यातला. एका बाजूनं गुळगुळीत तपकिरी, दुसऱ्या बाजूनं पांढरा, आणि कडेला फुटल्याची धार. बुटाच्या टोकाशी जाऊन अडकला असणार. मोजा काढला तर अंगठ्याशेजारच्या बोटाचं कातडं निघालं होतं, मोज्याला रक्ताचा रुपयाएवढा डाग.

थोरलीनं तो चिंचोका मला दाखवलासुद्धा नाही. मुठीत धरला आणि धाकट्याचा पाय मांडीवर घेऊन फुंकर घालत बसली. तो रडायचा थांबला. सकाळी सातपासून रडत होता, ते बूट निघाल्यावर थांबलं.

पाळकसाहेबांचा संदेश त्या दिवशी कशावर होता, मला आठवत नाही. मला बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ती दोन वचनं आठवत होती, तेवीस आणि चोवीस. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. ती मी स्वतः शब्बाथशाळेत मुलांकडून पाठ करून घेतली होती. थोरलीकडूनसुद्धा. आणि माझ्या पर्समध्ये ती दानाची पाकिटं होती, ज्यांच्यासाठी मी दोन पोरांना परत पळवलं होतं.

लोक प्रभुभोजनाला उठायला लागले तसं मी धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला आणि बाहेर आले. कंपाउंडात झाडाखाली उभ्या राहिलो. मी म्हणाले, "माझं चुकलं गं. पण तुम्ही सगळी मिळून सकाळी इतका वेळ..." आणि तिचा चेहरा बघून थांबले. पुन्हा म्हणाले, "माझं चुकलं." एवढंच.

ती म्हणाली, "मी सांगत होते की."

"हो. सांगत होतीस."

"दर वेळी सांगते. रविवारी तुला ऐकूच येत नाही."

मला बोलता येईना. तिनंच माझ्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं, डोळे पूस म्हणून. मग धाकट्याच्या पायाला हात लावून त्यालाही म्हणाले. त्याला काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, "बूट टोचत होता," जणू मला ते पहिल्यांदाच सांगत होता.

आम्ही आत आलो तेव्हा रांग संपत आली होती. शेवटी गुडघे टेकले. थोरलीचं दृढीकरण तेव्हा व्हायचं होतं, आणि त्या विधीआधी प्रभुभोजन घेता येत नाही, म्हणून पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि धाकट्याच्या. तो एका पायात बूट, एक पाय उघडा, असा उभा होता, अख्ख्या मंडळीसमोर. त्या दिवशी मला ते झाकावंसं वाटलं नाही. घरी सासूबाईंनी बोटाला हळद लावली. सकाळबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. प्रभुभोजनापासून लाजेनं लांब राहू नका. पण पोराशी समेट केल्याशिवाय पुढंही जाऊ नका. दोन मिनिटं लागतात, कंपाउंडात, रिक्षातून उतरल्यावर, कुठंही. "चुकलं" म्हणताना पुढं "पण" लावू नका. मुलांना तो "पण" लगेच ऐकू येतो. आणि त्याच रविवारी बोला. बुधवारी बोललात तर मोठ्या मुलांना ते खरं वाटत नाही.

वेळेचं म्हणाल तर आम्ही काय बदललं ते सांगते. रविवारचं मटण पहाटे शिजवणं मी बंद केलं, आणि निम्मी चिडचिड तिथंच संपली. मटण आता उपासनेनंतर येतं, दोन वाजता जेवतो, कुणी मेलेलं नाही. सकाळी चहा, दूध, बटर नाहीतर भडंग, पण उपाशी पोटी कुणालाच नेत नाही. कपडे शनिवारी संध्याकाळी दोरीवर ओळीनं. बूट शनिवारी रात्री दाराशी, आणि प्रत्येक बूट उलटा करून झटकायचा. हे काम जुळ्यांचं. दानाची पाकिटं सासूबाईंच्या बायबलमध्ये, कारण त्या ते कधीच विसरत नाहीत. नवरा घरी असेल त्या रविवारी आंघोळी त्यांच्याकडं. आधी ते गेटपाशी गाडी चालू करून हॉर्न वाजवत उभे राहायचे, त्यावर मात्र आमचं एकदा नीट भांडण झालं आणि ते बरं झालं. त्यांची ड्यूटी असेल तेव्हा आम्ही शब्बाथशाळा सोडतो, थेट उपासनेला जातो. हे शिक्षकांना सुरुवातीला पटलं नाही. मी त्यांना सरळ सांगितलं की आठला पोचायचं तर मला मुलांना ओरबाडत आणावं लागतं, आणि मग ती तुमच्यासमोर बसून प्रेमाची वचनं पाठ करतात.

अजून एक गोष्ट, ही सासूबाईंची. त्यांचं माहेर साताऱ्याचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्याला होते, १९१७ साली त्यांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्या आठवणी सासूबाईंच्या घरात आजीपासून चालत आलेल्या. टिळकांनी ख्रिस्ती भक्तिगीतं आपल्या अभंगाच्या, ओवीच्या चालीत रचली, म्हणून ती हाताला काम असतानाही म्हणता येतात. माझ्या सासूबाईंची आजी जात्यावर म्हणायची. तर आता रविवारी सातला सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून टाळ वाजवत एक सुरू करतात. मधली टाळ मागून घेते. तिसरं संपेपर्यंत सगळे बाहेर. घड्याळाकडं बघून मी ओरडायचे, त्या जागी आता ते गाणं आहे. तुमच्याकडं सासूबाई नसतील तर मोबाईलवर लावा, पण स्वतः गुणगुणा. गाताना ओरडता येत नाही, हे मी करून पाहिलंय.

तरीही माझा आवाज चढतो. महिन्यातून एखादा रविवार जातोच. तेव्हा थोरली फक्त "आई, बूट" म्हणते. ती आता सोळाची आहे. मी हातातलं काम ठेवते आणि ज्याचं रडणं चालू असेल त्याच्यासमोर खाली बसते.

परवाच्या रविवारी आम्ही दुसऱ्या गीताला पोचलो. मागच्या बाकावर ती रात्रपाळीची सिस्टर होती, तिनं सरकून जागा केली. धाकटा चपलेत होता.