कोल्हापूर ते तिरुपती : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : वयस्कर आई-वडिलांना कोल्हापूरहून विमानाने तिरुपतीला नेण्याचा विचार आहे. या दोन विमानतळांमधले अंतर एके ठिकाणी ६५६, दुसरीकडे ४०८, तर तिसरीकडे ३५४ असे वाचले. यातले खरे कोणते? शिवाय एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर असेल, तर वेळापत्रकात हिशेबापेक्षा जास्त वेळ का धरलेला असतो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची एकके वेगळी आहेत. उजळाईवाडीचा विमानतळ आणि तिरुपतीजवळचा रेणिगुंटा विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे ६५६ किलोमीटर आहे; तेच मैलांत ४०८ आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ३५४ भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत जवळचे असल्यामुळे रस्त्याच्या अंतराशी त्याची तुलना करू नये.

वेळेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ६५६ ला ५०० ने भागले की एक तास एकोणीस मिनिटे येतात, पण हा हिशेब विमान पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगात आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात उंची गाठताना वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी तो पुन्हा कमी करावा लागतो, आणि ठरलेल्या हवाई मार्गाने व धावपट्टीच्या दिशेने वळून जावे लागत असल्यामुळे अंतरही थोडे वाढते. त्यात वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पोहोचून थांबेपर्यंतची असते, म्हणजे जमिनीवरचे फिरणेही तिच्यात आले. म्हणून एटीआरसाठी सुमारे एक तास चाळीस मिनिटे हा अंदाज मला वास्तवाला धरून वाटतो.

वाऱ्याचा परिणामही लहान नाही. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर हेच अंतर कापायला ८६ मिनिटे लागतात, पाठीमागून असेल तर ७३. जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो तो मुख्यतः यामुळेच.

विमान कोणते आहे, हेही तिकीट काढताना पाहावे. ताशी ८०० किलोमीटरने जाणारे छोटे जेट हे अंतर हिशेबाने ४९ मिनिटांत कापते आणि सगळे धरून साधारण सव्वा तासात पोहोचते. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटर होती, तोवर तिथे अशा जेटची नियमित सेवा अवघड होती. ती १,९३० मीटर झाल्यावर हा पर्याय खुला झाला, आणि प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत मला ही फार मोलाची सुधारणा वाटते.

हरिप्रिया एक्स्प्रेसला याच प्रवासाला वीस तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी विमानाचा विचार योग्यच आहे. मात्र थेट विमान कोणत्या वारी आहे हे आधी तपासावे. विमानतळावर निदान दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामान घेणे, तिरुपती गाव आणि पुढे तिरुमलाचा घाट, एवढे सगळे धरता घरापासून डोंगरावर पोहोचेपर्यंत सहा-सात तास सहज जातात. म्हणून दर्शनाचे वेळेचे तिकीट त्याच दिवशीचे न घेता दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. विमानाला तास-दोन तास उशीर झाला, तरी आई-वडिलांची धावपळ होणार नाही.