वाचकांचे प्रश्न : आंघोळ करणारे पक्षी एकाच चित्रात

प्रश्न : अंगणातल्या पाण्याच्या भांड्यावर पक्षी एकामागून एक येतात. ट्रायपॉडवरून काढलेले त्यांचे फोटो जोडून सगळे एकत्र आंघोळ करताना दाखवायचे आहेत. पण जोडल्यावर प्रत्येक पक्ष्याभोवती कड दिसते आणि पाण्याचा रंगही जागोजागी वेगळा येतो. मास्क (फोटोचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणारा थर) कसा रंगवू?

उत्तर : मास्ककडे नंतर वळू. रंग बदलतो याचा अर्थ एक्स्पोजर (चित्र किती उजळ येईल ते) किंवा व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर राहिला आहे. पांढऱ्या पोटाचा पक्षी आला की कॅमेरा चित्र काळोखे करतो, काळा आला की उजळवतो. मग पाणीही त्याच्याबरोबर बदलते. शटर, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स चारही हाताने ठरवा. ऑटो आयएसओ बंद हवा. मॅन्युअल मोडमध्येही तो चालू राहतो आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल काढा आणि सगळ्या फाइलींना नेमकी एकच सेटिंग लावा.

फोकस भांड्याच्या मधोमध धरून मॅन्युअलवर टाका. फुल-फ्रेम कॅमेरा, ४०० मिमी लेन्स, ५ मीटर अंतर आणि एफ/८ अॅपर्चर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेसात सेंमी खोल असतो. पुढच्या काठावरचा आणि मागच्या काठावरचा पक्षी त्यात एकदम मावत नाहीत. पक्ष्यागणिक फोकस हलवलात तर बऱ्याच लेन्समध्ये चित्राचा आकारही किंचित बदलतो आणि जोड बसत नाही. म्हणून ज्या फोटोंत पक्षी त्या पट्ट्यात आहेत, तेच निवडा. लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर ट्रायपॉडवरही चौकट थोडी सरकते. शटर रिमोटने दाबा.

सावल्यांचेही भान ठेवा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. वीस मिनिटांत पाच अंश. तासाभराच्या अंतराने टिपलेले दोन पक्षी शेजारी ठेवले की सावल्यांच्या दिशा जुळत नाहीत. उन्हात काम करायचे तर पंधरा-वीस मिनिटांतलेच फोटो घ्या. मोकळी, एकसारखी सावली असेल तर बराच जास्त वेळ मिळतो.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे पाण्याची पातळी. पक्षी पाणी उडवतात, पातळी उतरते आणि काठावरची ओली रेघ खाली जाते. दोन फोटोंतली ही रेघ जुळली नाही तर कितीही मऊ ब्रशने जोड लपत नाही. पातळी उतरली की भांड्याला हात न लावता बारीक धारेने पाणी घाला.

आता मास्क. पाणी शांत आणि भांडे रिकामे असतानाचा एक फोटो पाया म्हणून सर्वांत खाली ठेवा. त्यावर बाकीचे फोटो एकेक लेयर (थर) म्हणून टाकून ऑटो-अलाइन करा, म्हणजे ते एकमेकांवर नेमके बसतील. मग प्रत्येक लेयर काळ्या मास्कने झाका आणि पांढऱ्या, मऊ कडेच्या ब्रशने पक्षी उघडा. पिसांना लगटून कापायचे नाही. पक्ष्यासोबत त्याचे प्रतिबिंब, सावली आणि भोवतालच्या लाटाही घ्या. जोड जिथे लाटा विरतात तिथे पडू द्या. तुमच्या कडा दिसतात त्या बहुधा पिसांजवळ कापल्यामुळे. दोन पक्ष्यांच्या लाटा एकमेकांत शिरत असतील तर त्यातला एक फोटो सोडून द्या. असा जोड खरा वाटत नाही.

प्रश्न : उडणारे थेंब रेघांसारखे येतात आणि मास्क करताना निम्मे कापले जातात.

उत्तर : सेकंदाला दोन मीटर वेगाने उडालेला थेंब १/५०० शटरला चार मिमी पुढे जातो, १/२००० ला एकच मिमी. तेव्हा १/२००० किंवा त्याहून जलद शटर वापरा. प्रकाश पक्ष्याच्या मागून आणि पार्श्वभूमी गडद असेल तर थेंब चमकतात. मात्र त्यांची चमक करपू नये म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवा. जोडताना थेंबांपुरती त्या लेयरची वेगळी प्रत काढून ब्लेंड मोड (लेयर खालच्या चित्रात कसा मिसळतो ती सेटिंग) ‘लाइटन’ करा. खालच्यापेक्षा उजळ असेल तेवढेच उमटते, त्यामुळे एकेक थेंब कापावा लागत नाही. फिकट पार्श्वभूमीवर ही युक्ती चालत नाही.

प्रश्न : पक्षी काठावर बसतात, पाण्यात उतरतच नाहीत.

उत्तर : पाणी खोल असेल. लहान पक्ष्यांना दोन ते पाच सेंमी पुरते आणि तळ खरबरीत लागतो. गुळगुळीत भांड्यात एक चपटा दगड ठेवा. पाणी रोज बदला. भिजलेल्या पक्ष्याला झटकन उडता येत नाही, म्हणून मांजर दबा धरू शकेल अशा दाट झुडपापासून भांडे दोन-तीन मीटर दूर हवे, पण बसायला उंच फांदी जवळ असावी.

प्रश्न : असे चित्र स्पर्धेला पाठवता येईल का?

उत्तर : निसर्गचित्रांच्या विभागांत जोडचित्रे सहसा चालत नाहीत. खुल्या किंवा सर्जनशील विभागाचे नियम वाचून पाठवा. कुठेही दाखवताना ते अनेक फोटो जोडून केले आहे, हे चित्राखाली लिहा.