चळवळीचा अभ्यास करून विकास आणि सामाजिक न्यायाचं काम खरंच करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. झालंय, चळवळी हाच विषय घेऊन पुढं शिकायचंय आणि घरचे म्हणतात मोर्चे काढायला कॉलेज कशाला लागतं. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण केलंय, आता पाण्याच्या प्रश्नावर गावात काम करतो. माझं मत विचाराल तर शिकाच. फक्त घोषणा आणि भाषणांपेक्षा मागणी कशी तयार होते ते बघा, खरा अभ्यास तिथंच आहे.

आपल्याकडचंच बघा. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार गावाकडं परत आले, इथं दुष्काळ, मग रोजगार हमीवर खडी फोडायची. तिथं लोक विचारायला लागले की खडी किती दिवस फोडायची, दुष्काळ हटेल असं काम का देत नाही? त्यातनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर त्यात होते. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, लोक म्हणाले वाळूवर हक्क गावाचा, आणि ती वाळू विकून, श्रमदान करून बलवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा धरण बांधलं. आता इथं नीट थांबा, कारण बहुतेक जण धरण बांधलं एवढंच सांगतात आणि पुढं जातात. पाणी कसं वाटायचं हे लोकांनी आधी ठरवलं होतं, प्रत्येक कुटुंबाला हिस्सा, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालासुद्धा, आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. भूमिहीनाला पाण्याचा हक्क म्हणजे काय हे ज्यानं आपल्या भागातली ऊसाची ताकद बघितलीय त्यालाच कळेल. विकास आणि न्याय हे दोन वेगळे चॅप्टर म्हणून शिकवतात ना, ते तिथं एकाच नियमात बसवलेले होते. पाणी किती, माणशी किती येईल, कुठलं पीक निघेल हा हिशोब इंजिनिअर आणि गावकरी एकत्र बसून करत होते, म्हणून म्हणतो अभ्यास लागतो.

पुढं समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे सगळ्यांना पाण्याचा न्याय्य वाटा मिळावा ही मागणी घेऊन आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथ अण्णा नायकवडींसोबत पाणी परिषदा सुरू झाल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीपर्यंत गेलं त्याच्यामागं वर्षानुवर्षांचा हा रेटा आहे.

उलटी बाजूपण शिका. पाटण तालुक्यात कोयनेचं धरण झालं, राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे लोक आधी उठवले आणि कायदा नंतर. त्या उठवलेल्या लोकांची नातवंडं पुनर्वसनासाठी आत्ता आत्तापर्यंत ठिय्या देत होती. कागद कुठं अडकला, कुणी अडवला, तीन पिढ्या लोक टिकून कसे राहिले हे कुणीतरी नीट लिहून काढायला पाहिजे, मला तरी हा विषय बळीराजा धरणाच्या यशापेक्षा मोठा वाटतो.

आणि अभ्यासक बाहेरच उभा पाहिजे असं कुणी म्हटलं तर समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट आठवा. सत्यशोधक चळवळीवर पीएचडी करायला अमेरिकेतनं आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच झाल्या, लिखाण आणि चळवळ दोन्ही केलं, २०२१ ला गेल्या.

कोर्सचं म्हणाल तर तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचा कॅम्पस आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्र आहे, दोन्हीकडं चौकशी करा. पण ॲडमिशनची वाट बघू नका. तुमच्या जवळची कुठलीही एक पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था धरा, सभासद यादी आणि कुणाला कधी पाणी मिळणार ते लिहिलेलं पाणीपाळीचं रजिस्टर मागा, नाही दिलं तर पाटबंधारे खात्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मग टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला ज्यांची रानं आहेत त्यांच्याकडं जा, बायकांशी वेगळं बोला कारण यादीत त्यांची नावं क्वचित असतात, आणि रजिस्टरवरची पाळी त्यांना खरंच मिळाली का ते विचारून लिहून ठेवा.