गॅरेजसाठी रॅचेट पाना कोणत्या कंपनीचा घ्यावा?

प्रश्न विचारणारे भाऊ लातूरच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालेत आणि अहमदपूरकडे स्वतःचं गॅरेज टाकताहेत. कामं मोटरसायकलींची जास्त, अधूनमधून छोट्या गाड्या आणि ट्रॅक्टर. हाताशी १०,००० रुपये आहेत. विचारतात, गिअररेंच, किंग टोनी, स्टॅनली, वेरा यांपैकी कोणाचा १२ नगांचा रॅचेट पान्याचा (नटावरून न काढता मागेपुढे करत फिरवायच्या पान्याचा) सेट घेऊ, की टपारियाच्या साध्या पान्यांवरच भागवू? आणि मान वळणारे, म्हणजे फ्लेक्स मुंडीचे घ्यावेत का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. १२ नगांचा सेट घेऊच नका. १०, १२, १३, १४ आणि १७ मिलिमीटरचे असे पाचच रॅचेट पाने घ्या, चांगल्या तैवानी बनावटीचे, खटका सरकवून फिरायची दिशा बदलता येणारे. त्यात तुमचे साधारण निम्मे पैसे जातील. उरलेल्यांत टपारियाचे रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) आणि डी-पाने (उघड्या तोंडाचे) सगळ्या मापांत घ्या. रॅचेट पाना हे दुसरं हत्यार आहे, पहिलं नाही. हे ज्याला कळलं त्याचे पाने दहा वर्षं टिकतात, नाही कळलं त्याच्या पान्यांचे दात पहिल्याच सुगीत झडतात.

माझं गॅरेज माजलगाव-पाथरी रस्त्याला आहे, बावीस वर्षं झाली. आमची पोरं या पान्याला कटकट्या म्हणतात. त्याच्या पोटात काय असतं ते बघायचं तर सायकलचं फ्रीव्हील आठवा. आत दात्यांची चकती आणि तिला अडकणारं स्प्रिंगवरचं कुत्रं. एका बाजूने फिरवलं की कुत्रं दातात रुततं आणि नट फिरतो, उलट आणलं की ते दातांवरून कटकट करत घसरतं. फ्रीव्हीलच्या मानाने फरक एवढाच की इथे हे सगळं बोटाएवढ्या मुंडीत बसवलेलं असतं. म्हणजे कुत्रंही तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंच मोठं. सगळा जोर त्या दाण्यावर येतो, ही गोष्ट डोक्यात ठेवा.

आता दातांचा हिशेब. ७२ दात असतील तर ३६० भागिले ७२, म्हणजे पाना फक्त ५ अंश हलला तरी पुढचा दात धरतो. ९० दातांना ४ अंश, १२० ला ३. उलट साध्या डी-पान्याला सहा पैलूंच्या नटावर पुन्हा बसायला ६० अंश लागतात. त्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, म्हणून पालथा घालत घालत ३० वर भागतं. बारा कोपऱ्यांच्या रिंग पान्यालाही ३०. गाडीच्या स्टार्टरमागे हात घातला की ३० अंशसुद्धा मिळत नाहीत, तिथे कटकट्या कामाला येतो. पण ५ आणि ३ अंशांतला फरक मला वर्षातून चार वेळा जाणवत असेल. दुकानदार १२० दात, १२० दात म्हणून डोकं खाईल. त्याला विचारा, बाबा, चकतीचा घेर तेवढाच, मग दात वाढले की ते बारीक होणार की नाही? त्यावर कंपन्यांनी तोडही काढली आहे. काही रॅचेटमध्ये ६० दातांचीच चकती आणि दोन कुत्री असतात, एक दातात आणि दुसरं दोन दातांच्या मध्ये, म्हणून ते १२० चं काम करतं आणि दात मात्र जाडच राहतात. ही हुशारी खरी आहे, पण तिचे पैसे मोजावे लागतात.

दातांपेक्षा मी दुसरी गोष्ट बघतो, उलटा येताना पाना किती अडतो. नट हाताने फिरेल इतका सैल झाला, की जड स्प्रिंगचा पाना मागे येताना नटालाही सोबत मागे आणतो. कटकट होते, हात हलतो आणि नट जागचा जागीच. मग बोटाने नट धरायचा आणि पाना फिरवायचा, म्हणजे कटकट्या घेऊन उपयोग काय? दुकानात हे तपासणं सोपं आहे. खिशात एक नट-बोल्ट घेऊन जा, नट चिमटीने लावतो तेवढाच लावा आणि वर पाना चालवून बघा. पावभर फेऱ्यात ७२ दातांचा पाना अठरा वेळा वाजला पाहिजे. वाजणं मधेच गिळत असेल तर तो नग खाली ठेवा.

कंपन्यांचं एकेक बघू.

गिअररेंच अमेरिकेच्या एपेक्स टूल ग्रुपचा. ७२ दातांचा रॅचेट पाना घराघरांत पोचवण्यात यांचा मोठा वाटा आहे. मागे येताना अडणं फार कमी, आणि आतल्या कोपऱ्यांचा आकार असा की जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट पैलूवर येतो. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फार कामाची, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या नटांचे कोपरे आपल्या आधीच्या मिस्त्रीने मारून ठेवलेले असतात.

किंग टोनी तैवानचा. तैवानच्या ताइचुंग भागात हत्यारांचे एवढे कारखाने आहेत, की युरोप-अमेरिकेची नावं लागलेले कितीतरी पाने तिथेच घडतात. त्यामुळे 'तैवानी म्हणजे हलका' हा आपल्याकडचा समज सोडा. रोजच्या मारहाणीला मी हाच वापरतो. मुंडी किंचित जाड आहे, खोलगट जागेत कधी अडते, बाकी तक्रार नाही.

वेराचा जोकर जर्मनीचा, वुपर्टालच्या कंपनीचा. हा पाना मला मनापासून आवडतो, आणि तरीही तुम्हाला घ्या म्हणणार नाही. रॅचेटला ८० दात आहेत, पण त्याची खरी गंमत दुसऱ्या टोकाला, उघड्या तोंडात आहे. तिथे बारीक दातांची एक कडक पट्टी बसवली आहे, ती नटाला धरून ठेवते. घामेजल्या हाताने अडचणीच्या जागी बोल्ट लावताना तो पान्यातून पडत नाही, आणि तोंडाच्या आतल्या थांब्यामुळे पाना नटावरून खालीही घसरत नाही. शिवाय पालथा न घालता ३० अंशांतच पुन्हा बसतो. पण एका जोकरच्या पैशात तैवानी दोन तरी येतात. गॅरेज चालू लागलं, पैसे फिरू लागले, की एक १० चा आणि एक १३ चा घ्या, चैन म्हणून. आणि घेताना नीट बघा, यात दोन जाती आहेत. एक सरळ, पालथा घालून दिशा बदलायचा. दुसरा खटक्याचा, त्याची मुंडी थोडी वाकवलेली असते.

स्टॅनली हे नाव जुनं, अमेरिकेचं, पण नाव बघून नका घेऊ, तो नग कुठे घडला ते त्याच्या अंगावर वाचा. बाहको मुळात स्वीडनचा, १९९९ पासून स्नॅप-ऑनच्या मालकीचा. माल उत्तम, पण तालुक्याच्या गावाला एखादाच नग हरवला तर तोच परत मिळवणं अवघड. आपल्यासारख्यांनी सुटा नग मिळणारी कंपनी धरावी, माझ्या हिशेबात हा मुद्दा दातांच्याही वर आहे.

टपारिया आपल्या नाशिकचा, सातपूर एमआयडीसीतला. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेला कारखाना. साध्या रिंग पान्यात या किमतीला दुसरं नाव सांगवत नाही. माझ्याकडे १७-१९ चा एक आहे, उस्तादांच्या हातातून माझ्याकडे आलेला, क्रोम उडून काळा पडलाय, पण नटावर अजून ढिला पडत नाही.

आता हे दोन प्रकारचे पाने एकत्र कसे वापरायचे. गंजका नट पहिल्यांदा फोडायचा तो साध्या रिंग पान्याने. 'कट्' आवाज होऊन तो हलला की मग कटकट्या लावून भरभर काढायचा. लावताना उलट. कटकट्याने टेकवायचा, शेवटचा आवळा रिंग पान्याने किंवा टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने. १० च्या नटाचा, म्हणजे एम ६ चा (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरलाच (हे आवळायच्या जोराचं माप) बसतो. एम ८ सुमारे २५ ला. त्याला ताकद लागत नाही, अंदाज लागतो. पान्याची लांबी मापाप्रमाणे ठरवलेली असते. रॅचेट पान्याला पाइप घालून लांब केला, की तो तांदळाचा दाणा गेला म्हणून समजा.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीला जत्रेतून एक चकचकीत सेट आणला होता, पेटीवर मोठं नाव, पान्यावर कंपनीचं नाव नाही, नुसतं पोलादाच्या जातीचं, 'क्रोम व्हॅनेडियम'. नाव मुद्दामच लिहीत नाही. त्याच्या १४ च्या पान्याने सायलेन्सरचा गंजका नट फोडायला गेलो, दात सटकले आणि हात जाऊन इंजिनाच्या पंख्यांवर, म्हणजे त्या गार करणाऱ्या धारदार पट्ट्यांवर. तीन बोटांची सालं निघाली. चूक पान्याची होती तेवढीच माझीही होती.

खटक्याचाच घ्या, असं का म्हणतो तेही सांगतो. एका छोट्या गाडीचा अल्टरनेटर काढत होतो. इंजिन आडवं, बोल्टचं तोंड चासीच्या बाजूला. सरळ, बिनखटक्याचा पाना लावला आणि खुशीत फिरवत बसलो. बोल्ट बाहेर येत येत त्याची मुंडी चासीच्या पत्र्याला जवळजवळ टेकली, आणि पाना मध्ये अडकला. पुढे जायला जागा नाही. मागे घालायचा तर पाना काढून पालथा करायला हवा, आणि तो तर निघतच नाही. रॅचेट उलटं फिरेना. पोरगं विचारतंय, 'उस्ताद, आता कामून थांबलात?' काय सांगणार? शेवटी इंजिनाचं माउंटिंग सैल करून जॅकने बोटभर उचललं, तेव्हा पाना सुटला. दोन तास गेले, आणि गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसलेलं. खटका असता तर एका बोटाचं काम होतं. तेव्हापासून असा पाना लावण्याआधी बोल्ट किती लांब आहे आणि समोर किती जागा आहे, हे बोट घालून बघतो.

मापांबद्दल. जपानी घराण्याच्या मोटरसायकलींना १०, १२, १४, १७ लागतात. एम ८ च्या बोल्टला जपानी पद्धतीत १२ चा पाना, युरोपी पद्धतीत १३ चा. म्हणून दोन्ही घ्या म्हटलं, आणि १२ च्या जागी १३ ढकलू नका. ट्रॅक्टरात जुनी मॅसी फर्ग्युसन आली की तिथे इंची आटे. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर १४ चा बसत नाही आणि १५ चा हलतो. ३/४ ला १९ चा जेमतेम चालून जातो, ५/८ ला १६ चा चालतो, पण १/२ इंचाला १३ चा लावून जोर केला की कोपरे गेलेच. इंचीत रॅचेट घेऊ नका, साधे रिंग पाने घ्या, वर्षाला चार ट्रॅक्टरांसाठी तेवढे पुरतात.

धुळीचं मात्र मनावर घ्या. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की रात्री-अपरात्री शेतातून फोन येतो, मळणी यंत्राचं बेअरिंग गेलं म्हणून. तिथलं भुसकट आणि काळ्या रानाची माती रॅचेटच्या फटीत शिरते, आणि वरून कोणी शहाणा ग्रीस भरतो. ग्रीस आणि मातीचा लगदा होतो, कुत्रं दातात पडायचं विसरतं आणि ऐन जोराच्या वेळी पाना मोकळा फिरतो. ग्रीस नको. डिझेलच्या डबीत बुडवून दोन्ही दिशांनी पाच-पन्नास वेळा फिरवा, हवा मारा, मग शिलाई मशीनचं पातळ तेल एकच थेंब. सुगीत दर आठवड्याला, एरवी महिन्याला.

राहिलं फ्लेक्स मुंडीचं. मान वळते, अडचणीत जाते, बघायला छान वाटते. पण मुंडी तिरकी धरून जोर लावला की पाना नटावर पूर्ण बसत नाही, आणि वळणाची पिनही कालांतराने ढिली होते. मी एक १३ चा घेतला होता, तो गेली तीन वर्षं पेटीच्या तळाशी आहे. तुम्ही ते पैसे १७ च्या चांगल्या पान्यात घाला.